मध्यंतरात दिलेली दोन वर्षं

कुमुदमावशी,

तुम्हाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले, आणि या सव्वीस दिवसांत मी ज्या ज्या दारात उभा राहिलो तिथे तिथे तुम्ही माझ्या आधी येऊन गेलेल्या आहात. मी बेल वाजवतो. कुणीतरी दार उघडतं. मी पत्रक पुढे करतो, नाव सांगतो, या नोव्हेंबरात आपल्या वॉर्डातून सिटी कौन्सिलला उभा आहे म्हणतो. समोरचा माणूस पत्रक घेतो आणि माझ्या खांद्यावरून मागे बघतो. "वो आंटी नहीं आयी आज?" परवा लाँड्रीशेजारच्या बिल्डिंगमध्ये एका मेक्सिकन आजीनं नातवाला पुढे करून विचारलं, "द वॉटर लेडी, शी इज कमिंग?" मी सांगतो की तुम्ही गेलात. मग ती माणसं मलाच पाणी आणून देतात आणि मी ते पायरीवर बसून पितो.

आणि पिता पिता जिभेवर घोळवतो. ही सवय मला कधी लागली, ठाऊक नाही. काल एका घरात माझ्या तोंडून निघून गेलं, "क्लोरीन जरा जास्त आहे आज." शब्द तुमचे आणि ठसकाही तुमचाच. घरातली मुलगी हसली, तिला वाटलं मी गंमत करतोय.

रश्मी म्हणते, "अरे, इतकं कशाला फिरतोस? आठ-दहा घरं कर आणि ये ना घरी." बायकोलाही मी सांगितलेलं नाही की त्या पत्रकावर माझा फोटो आहे तिथे तुमचा असायला हवा होता. आणि तो नाही, याला तुमचा आजार जितका कारण आहे तितकाच मीही आहे.

आपली ओळखच मुळी अशीच माझ्या दारात झाली होती. तुम्ही तिसऱ्यांदा कौन्सिलला उभ्या होतात, आणि मी या शहरात नवा होतो. तुमच्या पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, अंगात खादीचा कुडता, गळ्यात चष्म्याची दोरी. दारात एक मराठी आजीबाई बघून मी आधी नमस्कार केला आणि मग प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "मावशी, तुमचा वेळ वाया जाईल. मी व्हिसावर आहे, मला मत नाही."

"मत मागितलंय का मी? पाण्याला वास येतो का तुमच्या, ते सांग."

आणि सरळ बूट काढून स्वयंपाकघरात. नळाखाली ग्लास धरून एक घोट घेतलात, डोळे मिटून उभ्या राहिलात आणि सांगितलंत की आज या लाईनला औषध जास्त पडलंय, संध्याकाळपर्यंत बरं होईल. रश्मी आ वासून बघत होती. एकतीस वर्षं तुम्ही शहराच्या पाण्याच्या लॅबमध्ये काढली होती हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं? त्या निवडणुकीत तुम्ही पडलात. तिसऱ्यांदा. आणि पुढच्या शनिवारी आम्हाला जेवायला बोलावून थालीपीठं खायला घातलीत, जशा काही तुम्हीच निवडून आला होतात.

भांडण त्या थालीपिठांपासूनच सुरू झालं. तेव्हा आपल्या शहरात वॉर्ड नव्हते. कौन्सिलच्या पाचही जागांना अख्ख्या शहरानं मतं द्यायची. दिसायला किती छान, सगळे सगळ्यांचे! पण पाचही जण वर्षानुवर्षं टेकडीवरच्या त्याच चार गल्ल्यांतले. खाली, फ्रीवेच्या कडेला, आपल्या अपार्टमेंटांच्या पट्ट्यातून कुणी म्हणजे कुणी निवडून आलेलं नव्हतं. मी म्हणायचो, वॉर्ड पाडले पाहिजेत. आमच्या नागपुरात गटार तुंबलं की बाबा नगरसेवकाच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि तो बनियनवर बाहेर यायचा. काम होवो न होवो, शिव्या द्यायला हक्काचा माणूस तरी होता.

"आणि त्याच वॉर्डाच्या राजकारणाला विटून आम्ही मिरज सोडली," तुम्ही उलथनं रोखून म्हणायचात. "मला आपल्या लोकांची मेंबर व्हायचं नाही रे. शहराची व्हायचंय. पाण्याला वॉर्ड नसतो. टेकडीवरच्या टाकीतलं पाणीच तुझ्या नळाला येतं."

"टाकी टेकडीवर आहे हाच तर प्रॉब्लेम आहे, मावशी."

काका वर्तमानपत्राआड हसायचे. तुम्ही त्यांच्यावर डोळे वटारायचात. असं किती वर्षं चाललं! मी तुम्हाला हट्टी म्हणायचो, तुम्ही मला उतावळा नागपूरकर. आज विचाराल तर तुमचं म्हणणं मला पन्नास टक्के पटतं, आणि ते तुम्हाला ऐकवायची सोय राहिली नाही.

मग शहराला वकिलाचं पत्र आलं. अख्ख्या शहराच्या मतदानात लहान समाजांची मतं बुडतात, वॉर्ड पाडा, नाहीतर कोर्टात भेटू. कौन्सिल मुकाट्यानं तयार झालं. तुम्ही महिनाभर रुसलात. माझा फोन घेईनात. आणि मग लायब्ररीच्या हॉलमध्ये नकाशांची बैठक झाली तेव्हा तुम्ही तिथे आधीच येऊन बसलेल्या. टेबलावर शहराचे मोठाले नकाशे, लोकांच्या हातात रंगीत पेनं, आणि एक बाई प्रत्येकाला विचारत होती की तुमच्या वस्तीला एकत्र बांधणारी गोष्ट कोणती. कुणी सांगितलं देऊळ, कुणी शाळा, कुणी भाषा. तुम्ही चष्मा नाकावर चढवलात आणि म्हणालात, "वन पाइप." मग अर्धा तास बसून जमिनीखालच्या जलवाहिन्या आठवून आठवून तुम्ही निळी रेघ ओढलीत. कुठल्या गल्ल्यांच्या तक्रारी एकाच दिवशी येतात हे तुम्हाला पाठ होतं. त्या रेघेच्या आत आपली अपार्टमेंटं आली, मेक्सिकन लोकांची छोटी घरं आली, चाकांवरच्या घरांचं ट्रेलर पार्क आलं, तुमचं घर आलं. देवळाचा विचार करून मी काढलेला नकाशा मी हळूच खिशात घातला.

बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "हरले मी. खूश? आता मी उभी राहणार, पहिल्याच फेरीत. चौथ्यांदा पडले तर तुझ्या नावानं बोटं मोडीन."

पहिल्याच फेरीत. हे शब्द मी ऐकले होते, मावशी. ऐकलेच नव्हते असं मला म्हणता येणार नाही.

आता त्या मीटिंगबद्दल. शेवटची सुनावणी. दोन गोष्टी ठरायच्या होत्या. नकाशा कुठला, हे एक. आणि दुसरं म्हणजे पाचांपैकी कुठले तीन वॉर्ड त्या वर्षी, पहिल्या फेरीत, मत देणार आणि कुठले दोन आणखी दोन वर्षांनी, दुसऱ्या फेरीत. तुमची निळी रेघ असलेला नकाशा शेवटच्या दोघांत होता. दुसऱ्या नकाशात शाळेच्या रस्त्यानं आपली वस्ती बरोब्बर मधून कापली होती. कौन्सिलमध्ये दोन जण आपल्याकडून, दोन विरुद्ध, एकाचं तळ्यात-मळ्यात. मग दहा मिनिटांचा ब्रेक झाला. तुम्ही गाडीकडे गेलात, काही विसरलंय म्हणून. मी कॉफीच्या थर्मासपाशी उभा होतो.

तिथे त्या पाचव्या सदस्याचा मदतनीस आला. चांगला माणूस, हसतमुख. हळूच म्हणाला, तुमचा नकाशा मंजूर होईल, फक्त तुमच्या लोकांनी पहिल्या फेरीचा आग्रह सोडायला हवा. दुसऱ्या एका भागाला ती जागा द्यायचीय. कॅन यू वेट?

वेट! मला विचारतोय! तेरा वर्षं मी ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा होतो. नोकरी बदलायची नाही, आई आजारी पडली तरी परत येताना व्हिसाचा शिक्का मिळेल का या भीतीनं जायचं की नाही ते ठरवायचं, दर महिन्याला तारीख पुढे सरकली का बघायचं. आम्हा लोकांना दुसरं काही येवो न येवो, वाट बघता येते. आणि वर आपला तो समजूतदारपणा, थोडं अ‍ॅडजस्ट करून घेऊ, बोलणाऱ्याला तोंडावर नाही कशाला म्हणा. माझ्या मोजपट्टीवर दोन वर्षं म्हणजे काहीच नव्हती. ती मोजपट्टी चाळिशीतल्या माणसाची होती आणि आयुष्य होतं तुमचं, त्र्याहत्तर वर्षांचं. हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

गाडी शंभर पावलांवर होती. मी चालत येऊन विचारू शकलो असतो. नाही आलो. ब्रेक संपल्यावर माइकपाशी गेलो आणि वस्तीच्या वतीनं बोललो. तीन विरुद्ध दोन मतांनी तुमची रेघ पास झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ट्रेलर पार्कमधल्या बायकांनी तुम्हाला मिठ्या मारल्या.

पार्किंगमध्ये काका गाडी सुरू करून बसले होते. तुम्ही दाराला हात लावून थांबलात.

"मला विचारायला हवं होतंस."

"मावशी, तुम्ही असतात तर तीन मिनिटं त्याच्याशी भांडला असतात आणि नकाशा गेला असता. दोनच वर्षं आहेत हो. अशी जातील."

"जातील ना," तुम्ही म्हणालात आणि गाडीत बसलात. मी हसत हात हलवला. त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत. मी तर नाहीच काढला. जिंकलेला माणूस कशाला काढतो?

त्या मीटिंगची चित्रफीत शहराच्या वेबसाइटवर आहे. कुणालाही बघता येते. मी ती ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बघतो, कानात हेडफोन घालून, डबा उघडा ठेवून. कॅमेरा माइकवर लावलेला आहे आणि बोलणाऱ्याच्या मागच्या दोन ओळी त्यात दिसतात. मी बोलायला उभा राहतो. माझ्या डाव्या खांद्यामागे दार उघडतं आणि तुम्ही आत येता. खुर्चीशी पोहोचता. मी म्हणतो, "वी कॅन वेट. टू इयर्स इज नथिंग." तुम्ही बसता बसता थांबता. पाठ अर्धी वाकलेली, एक हात खुर्चीच्या पाठीवर. तिथून तुम्ही माझ्या पाठीकडे बघता. मग सावकाश बसता आणि पर्स मांडीवर घेता.

हे मी किती वेळा बघितलंय ते सांगत नाही. प्रत्येक वेळी मला वाटतं की यावेळी माइकपाशी उभा असलेला तो मागे वळून बघेल. तो बघत नाही. तो आपला पुढच्या पाच खुर्च्यांकडे बघून हसतोय.

तुम्ही गेल्यावर दहाव्या दिवशी काकांनी सांगितलं तेव्हा कळलं की त्या ब्रेकमध्ये तुम्ही गाडीत गोळी घ्यायला गेला होतात. रिपोर्ट आदल्याच आठवड्यात आला होता.

मावशी, रागही येतो तुमचा. येणारच. एवढ्या तेवढ्यावरून माझ्याशी भांडणाऱ्या तुम्ही, कांद्याच्या फोडी जाड चिरल्या म्हणून मला बोलणाऱ्या तुम्ही, हे एवढं पोटात ठेवून दोन वर्षं माझ्यासमोर बसत राहिलात? एक शब्द टाकला असतात तर मी दुसऱ्या दिवशी कौन्सिलच्या दारात जाऊन बसलो असतो. फेरी बदलली असती की नाही देव जाणे. पण बसलो तर असतो.

उलट ती दोन वर्षं तुम्ही मला वस्तीतून फिरवत राहिलात. मी नागरिक झालो त्या दिवशी माझ्या हातात घरांची यादी दिलीत. मी त्यातली मत नसलेली घरं खोडायला लागलो तर पेन काढून घेतलंत. "व्हिसावाल्यांच्या घरी जाऊन काय मिळणार, मावशी?" असं मी विचारलं, मी! ज्याच्या घरी तुम्ही अशाच आला होतात, त्यानं. "त्यांच्या नळाला पाणी येतं ना? मग बेल वाजव." उन्हाळ्यात तुम्ही दर चार घरांनंतर पायरीवर बसायला लागलात. मी म्हणालो, वय झालं आता. तुम्ही म्हणालात, "हो रे, झालं." माझ्या मुलीला मात्र काहीतरी कळलं होतं. एकदा गाडीत ती म्हणाली, "बाबा, आजी इज सिक, आय थिंक." मी तिला म्हटलं, नॉनसेन्स.

त्या दोन वर्षांनी मला जे दिलं ते नाकारत नाही. मला या शहरात कुणी ओळखत नव्हतं, आता मुलं हाक मारतात. कुठल्या घरात आजोबा एकटे आहेत, कुठल्या घरात वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नाही, सगळं माहीत झालं. हे तुमच्यामुळे. पण जे माझ्या पदरात पडलं ते तुमच्या दोन वर्षांतून कापून पडलं, हे कळल्यापासून त्याचा आनंद घेता येत नाही.

उमेदवारीचे अर्ज निघाले तेव्हा तुमचा बिछाना हॉलमध्ये खिडकीपाशी आणला होता. काका मला दारातच म्हणाले, "तू अर्ज भर. कुणीतरी भरायला हवा." मी भरला. भरून सरळ तुमच्याकडे आलो आणि उशाशी बसलो. सांगायला म्हणून आलो होतो. हवेबद्दल बोललो, मुलीच्या शाळेबद्दल बोललो. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "आज कचऱ्याची गाडी आहे ना? काकांचे डबे बाहेर ठेव." मी उठून डबे रस्त्याच्या कडेला ठेवून आलो. परत आलो तर तुम्हाला झोप लागली होती. तुमच्या जागेवर माझा अर्ज आहे हे तुम्हाला कळलं होतं का, मला माहीत नाही.

परवा काकांचा फोन आला. "जरा येऊन जा. एक कागद आलाय."

टपालानं मतपत्रिका आल्या होत्या, दोन पाकिटं. एक काकांच्या नावाचं आणि एक तुमच्या. यादीतून नाव अजून निघालं नव्हतं. आपल्या वॉर्डाची पहिली मतपत्रिका, आणि पाकिटावर तुमचं पूर्ण नाव, ठसठशीत छापलेलं. इलेक्शन ऑफिसला फोन केला तर तिथल्या बाई फार मायेनं बोलल्या. पाकीट उघडू नका, वर 'डिसीज्ड', म्हणजे मयत, असं लिहा आणि परत टपालात टाका. काका म्हणाले, "तू लिही. मला नाही जमायचं."

मी पेन घेतलं. समोर तुमची खुर्ची. सरळ त्यांना विचारलं, "काका, त्या मीटिंगबद्दल मावशी कधी काही बोलल्या?"

"बोलली ना. गाडीत बसल्याबरोबर."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, पोरानं नकाशा वाचवला."

"एवढंच?"

काकांनी आपलं पाकीट उलट सुलट केलं. खोटं बोलायची त्यांना सवय नाही, तुम्हाला माहीतच आहे.

"म्हणाली, आज ना उद्या येईल तो. चुकलं म्हणेल. मग मी त्याला रिपोर्टचं सांगेन." मग म्हणाले, "बरेच दिवस म्हणत होती. शनिवार आला की म्हणायची, आज येईल. तू यायचास. थालीपीठं खाऊन जायचास."

मावशी, मी त्या पाकिटावर तो शब्द लिहिला. अक्षर नीट आलं नाही. काकांनी ते माझ्या हातून घेतलं, शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेलो.

निवडणुकीत काय होईल ते होवो. मला तुम्हाला दुसरंच सांगायचंय, आणि त्यासाठीच हे लिहायला बसलो. ती दोन वर्षं तुमची होती. मी ती तुम्हाला न विचारता देऊन टाकली. चुकलं माझं, मावशी.

आता सांगा, रिपोर्टमध्ये काय आलं होतं?